हातगुणाचे मोजमाप

सोमवार, ५ फेब्रुवारी

प्रयोगशाळेच्या वहीत मते लिहायची नसतात. तारीख, तापमान, व्होल्टता, किती वेळा ओढले, किती आलेख मिळाले, बस्स. चार वर्षे मी हा नियम पाळला आणि माझ्याकडे बरीच मते साठली. ही वही त्यांच्यासाठी. कोणी वाचणार नाही असे धरून लिहिते आहे. तरी अक्षर नीट काढते आहे, हे लक्षात आले.

काम काय आहे ते एकदा लिहून टाकते. सोन्याची अणकुचीदार सुई सोन्याच्या पट्टीला टेकवायची आणि अगदी हळू वर ओढायची. मधला सोन्याचा धागा बारीक होत होत एका अणूइतका होतो आणि तुटतो. तुटला की पडणारी फट एक रेणू मावेल एवढीच असते. पट्टीवर आपल्या रेणूंचे द्रावण असते. नशीब असेल तर एखादा रेणू दोन्ही टोकांनी सोन्याला धरतो आणि फटीवर पूल होऊन थांबतो. सेकंदाचा छोटासा अंश. तेवढ्यात त्याच्यातून किती वीज गेली ते मोजायचे. मग पुन्हा टेकवायचे. दिवसाला पाच हजार वेळा. कोणी विचारले तर मी "इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे" असे सांगते. लोक मला बिघडलेले रिमोट आणून देतात.

आमच्या रेणूचे नाव उच्चारायला दोन श्वास लागतात, म्हणून सगळे त्याला 'बटण' म्हणतात. माझ्या मार्गदर्शक मॅडमना आशा आहे की तो एक दिवस खरेच बटणासारखा वागेल: व्होल्टता वाढवली की चालू, कमी केली की बंद. त्याने अजून तसे काही केलेले नाही. काहीही करा, तो आलेखात एकच खालची पायरी दाखवतो, म्हणजे थोडीशीच वीज जाऊ देतो, आणि गप्प राहतो. मी त्याला दोष देत नाही. नातेवाईक माझ्याबद्दल साधारण हेच म्हणतात.

आजपासून पट्टी धुण्याची पद्धत बदलली. चिमट्याने धरले की सोन्यावर ओरखडे येतात. म्हणून जाड रबरी हातमोजे घालून पट्टी दोन बोटांत धरते आणि द्रावकाच्या धारेखाली पूर्ण दोन मिनिटे धुते. शेजारच्या टेबलावरचे एक सहकारी माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. दोन मुलांचे बाप, कारखान्यातली नोकरी सोडून संशोधनात परत आलेले. ते प्रत्येक गोष्ट चिमट्याने उचलतात आणि बोलतातही चिमटे काढत, त्यामुळे लॅबमध्ये त्यांचे नावच चिमटा पडले आहे.

"काय डॉक्टरीणबाई, ऑपरेशन का?" ते म्हणाले. "पेशंट वाचेल ना?"

मी धार सुरू केली. स्वच्छता ही चेष्टेची गोष्ट नाही.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

बटण चालू झाले.

सकाळी सहाला, लिफ्ट सुरू होण्याआधी. (लिफ्ट हलली की सुई थरथरते, मी लिफ्टच्या वेळापत्रकाप्रमाणे जगते.) व्होल्टता वाढवली, आणि नेहमीच्या पायरीच्या दहापट वर दुसरी पायरी आली. कमी केली, गेली. वाढवली, आली. मी अकरा वेळा करून पाहिले आणि मग उभी राहिले, कारण बसून राहणे अयोग्य वाटले.

मॅडमनी पडद्यावर अकराही आलेख पाहिले. मग म्हणाल्या, "कोरी चाचणी?"

कोरी चाचणी म्हणजे रेणू न घालता नुसते द्रावक मोजणे. हे कंटाळवाणे काम चिमटा करतात. त्यांनी केली होती. सपाट. दुसऱ्या पायरीचा मागमूस नाही.

"अगं मग!" मॅडम म्हणाल्या, आणि मला मिठी मारली. मी हातमोजे घातलेले असल्यामुळे हात वर धरून उभी राहिले. चिमटा म्हणाले की दरोडा पडल्यासारखे दिसत होते.

रविवार, १८ फेब्रुवारी

नऊ दिवसांत बटण रोज चालले. शंका घेणे माझे काम आहे म्हणून घेतली. सापडले काही नाही.

घरी भांडी तशीच पडलेली. आज घासायची पाळी ताईची होती. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, रुग्णालयात नर्स आहे. आम्ही दोघी दोन खोल्यांत राहतो आणि कामांची विभागणी मी तक्ता करून भिंतीला लावलेली आहे. तक्त्याकडे बोट दाखवले.

"हात बघ ना माझे," ती म्हणाली.

पाहिले. लाल, सालपटे निघालेली, पेरांवर भेगा. वॉर्डात सारखे धुवावे लागतात म्हणाली. मी लगेच उपाय केला: माझ्यासाठी आणलेल्या जाड हातमोज्यांचे एक अख्खे खोके तिला दिले. "भांडी घासताना घाल. वॉर्डातसुद्धा. तुमचे फार पातळ असतात."

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. "तुमच्याकडे एकेक रेणू दिसतो म्हणतेस ना?"

"दिसत नाही. मोजता येतो."

"हां, तरीच," ती म्हणाली आणि हातमोजे चढवून भांडी घासायला लागली.

समस्या सुटली.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

लेख पाठवला. शीर्षकात 'बटण' हा शब्द नाही, पण वाचणाऱ्याला तोच ऐकू यावा अशी सोय आहे. पट्टी कशी धुतली ते 'नेहमीच्या पद्धतीने' या दोन शब्दांत आटोपले.

दुसऱ्या एका संस्थेत कायमची जागा निघाली आहे. मुलाखत १२ एप्रिलला. माझा इथला करार जुलैअखेर संपतो, म्हणजे ही जागा नाही मिळाली तर मी ऑगस्टमध्ये खरोखरच रिमोट दुरुस्त करत असेन. अर्जात सांगण्यासारखी ओळ एकच आहे, ती जाड ठशात केली. मॅडमही एप्रिलच्या अखेरीस परिषदेत यावरच बोलणार आहेत. एवढ्या लहान गोष्टीवर एवढी माणसे उभी राहिलेली मी पहिल्यांदाच पाहते आहे.

प्रबंधाचा ऋणनिर्देशही उरकून टाकला. ताईसाठी: "माझ्या बहिणीने वेळोवेळी केलेल्या सहकार्याबद्दल तिचे आभार." सात शब्द. पुरेत.

सोमवार, १९ मार्च

परीक्षकांची पत्रे आली. पहिला खूश. दुसरा विचारतो: हेच मोजमाप त्याच लॅबमधल्या दुसऱ्या व्यक्तीने करून पाहिले आहे का?

मला हा प्रश्न व्यक्तिगत वाटला. मॅडमना रास्त वाटला. चिमटा दोन दिवस माझ्या यंत्रावर बसतील.

मी त्यांना बारा पानी टिपण करून दिले. पट्टी हाताने धरून धुवा, हे पान तीनवर होते.

"नाही जमायचं," ते म्हणाले. "माझ्या हातून सटकते. मी आपला माझ्या चिमट्यानेच धुतो. ओरखडे आले तर बिल मला पाठव."

गुरुवार, २२ मार्च

चिमट्यांना बटण सापडले नाही. तोच रेणू, तीच बाटली, तीच सुई. एकच खालची पायरी, चार हजार वेळा. दुपारी मी बसले. पट्टी धुतली, मोजले, तिसऱ्या मिनिटाला वरची पायरी हजर.

"हातगुण आहे हिचा," मॅडम म्हणाल्या. थट्टेने म्हणाल्या, पण थोड्या काळजीनेही.

"काही डॉक्टरांचा असतो तसा," चिमटा म्हणाले. "नुसता हात लावला की पेशंट उठून बसतो. प्रश्न एवढाच, की परीक्षकाला हातगुण कसा लिहून पाठवायचा?"

खरे सांगायचे तर मला बरे वाटले. चार वर्षे लोक माझ्या कामाला 'चिकाटी' म्हणत आले आहेत. 'हातगुण' पहिल्यांदाच. यात काहीतरी गडबड असावी हे कळायला माझ्याइतके शिक्षण लागत नाही. मला संध्याकाळपर्यंत कळले नाही.

सकाळी ताईने वेणी घालून मागितली. बोटे वळत नाहीत म्हणाली. मी घातली. तिन्ही पेडांचा ताण सारखा आला.

सोमवार, २६ मार्च

अर्धा दिवस वाया. ताईबरोबर त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. तिला एकटीने जाता आले असते, पण वॉर्डच्या मुख्य सिस्टरनी तिला सांगितले आहे की हात बरे होईपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही, आणि हे मला सांगताना ती खिडकीकडे बघत होती. तिने स्वतःहून कधी सोबत मागितलेली नाही. मी कॅलेंडर पाहिले आणि जाते म्हणाले.

वाट पाहताना तिची पर्स तिच्याकडून उघडेना. मी उघडून दिली. आत मी दिलेले हातमोजे. दोन जोड.

"वापरतेस?" मी विचारले.

"रोज. तूच म्हणालीस ना."

डॉक्टरांनी तिच्या पाठीवर छोटे चौकोन चिकटवले, पाच-पाचच्या सहा रांगा. प्रत्येकात एक पदार्थ, आणि एक मुद्दाम कोरा. बुधवारी काढायचे, कुठल्या चौकोनाखाली कातडी लाल होते ते बघायचे. पद्धत मला आवडली. कोरा चौकोन त्याच पाठीवर, त्याच माणसाने, त्याच हाताने लावलेला.

घरी येताना हे वाक्य डोक्यात पुन्हा पुन्हा येत होते. का ते कळले नाही.

बुधवार, २८ मार्च

तिसऱ्या रांगेतला चौथा. लालभडक.

"ही रबराची ॲलर्जी नाही," डॉक्टर म्हणाले. "रबर पक्कं करायला जे रसायन घालतात, त्याची आहे. हातमोज्यात ते थोडं उरतं आणि घामाबरोबर बाहेर येतं. जितका जाड हातमोजा, जितका जास्त वेळ, तितकं वाईट."

त्यांनी कागद दिला. त्यावर रसायनाचे नाव होते आणि, बहुधा कुणाला तरी सजावट वाटली म्हणून, त्याची आकृती. टोकाला गंधक.

गंधक सोने धरतो तेव्हा सहजी सोडत नाही. आमच्या बटणाच्या दोन्ही टोकांना आम्ही तो त्यासाठीच बसवलेला आहे.

"द्रावकाबरोबर बाहेर येईल?" मी विचारले.

"कसला द्रावक?"

"दोन मिनिटं. धारेखाली."

डॉक्टरांनी ताईकडे पाहिले. ताई सदऱ्याची बटणे लावायचा प्रयत्न करत होती. "तिच्याकडे लक्ष देऊ नका डॉक्टर," ती म्हणाली. "ती कामावर गेली."

मी तिची बटणे लावून दिली. मग गेले.

गुरुवार, २९ मार्च

चार पट्ट्या. इथे मते नाहीत, फक्त नोंद.

एक: चिमट्याने धुतली, रेणू घातला. खालची पायरी.

दोन: हातमोज्याने धुतली, रेणू घातला. दोन्ही पायऱ्या.

तीन: चिमट्याने धुतली, रेणू नाही. सपाट.

चार: हातमोज्याने धुतली, रेणू नाही. वरची पायरी. व्होल्टता वाढवली, आली. कमी केली, गेली.

बटण बटणाशिवाय चालते. मी सात आठवडे जगातल्या सर्वांत संवेदनशील यंत्राने एक हातमोजा मोजत होते. कोरी चाचणी कोरी आली कारण ती चिमट्यांनी केली, त्यांच्या पद्धतीने; पेशंट माझ्या हाताखाली आणि कोरा चौकोन दुसऱ्याच पाठीवर. व्होल्टता वाढली की ते रसायन सोन्यावर उभे राहते आणि कमी झाली की आडवे पडते, असे बहुधा असावे. हे 'बहुधा' मी मोजलेले नाही. या आठवड्यात मी काहीही सिद्ध करण्याच्या स्थितीत नाही.

लॅबमधली सर्वांत स्वच्छ व्यक्ती मी. घाण मीच आणत होते, आणि ती पूर्ण दोन मिनिटे, मन लावून.

रविवार, १ एप्रिल

ताई सोडून कोणाला सांगितलेले नाही.

कारणे, जशी सुचली तशी: शुक्रवारी मॅडम गडबडीत होत्या. शनिवारी सुट्टी होती. आजच्या तारखेला असे काही सांगितले तर कोणी खरे मानणार नाही. या तिसऱ्या कारणाचा मला किंचित अभिमान वाटला.

चौथे कारण लिहायचे टाळत होते. परीक्षकाला दोन ओळी पाठवल्या की पुरे: 'मोजमाप कौशल्यावर अवलंबून आहे.' खोटे एक अक्षर नाही. लेख छापून येईल, बारा तारखेला मी जाड ठशातली ओळ घेऊन जाईन, जागा मिळेल. कोणीतरी दोन-तीन वर्षांनी चिमट्याने पट्टी धुईल आणि त्याला काही सापडणार नाही, आणि तो समजेल की आपल्याला हातगुण नाही.

हे मी मनात पूर्ण रचले, विरामचिन्हांसकट. नोंद असावी.

नाश्त्याला ताईने विचारले, "सांगितलंस?"

"नाही."

"मी महिनाभर हात खिशात घालून वॉर्डात फिरले, सिस्टरना दिसू नयेत म्हणून." तिने हात टेबलावर ठेवले, उताणे. "रोज वाटायचं, उद्या सांगू. उद्यापर्यंत बरे होतील."

"मग?"

"मग काय. बघतेस ना."

मी तिचा कप भरला आणि तिच्या जवळ सरकवला, कान तिच्या बाजूला येईल असा. दोन्ही हातांच्या तळव्यांनी धरायला तो तसा सोपा पडतो, हे मला माहीत आहे असे लक्षात आले. कधी शिकले कोण जाणे.

मंगळवार, ३ एप्रिल

सांगितले. चार आलेख मॅडमच्या टेबलावर ठेवले, क्रमाने.

त्या चौथ्यापाशी खूप वेळ थांबल्या. "हा कुठला रेणू?"

"हातमोजा."

"कोणाचा?"

"माझा."

त्यांनी चारही आलेख पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

"गुरुवारचे आहेत हे," त्यांनी तारीख पाहिली. "आज मंगळवार."

"हो. पाच दिवस मी गप्प बसले."

त्या उठून खिडकीपाशी गेल्या. पाठमोऱ्या म्हणाल्या, "मी असते तर सहा बसले असते." मग वळल्या, आणि त्यांचा चेहरा मला आवडला नाही, थकलेला होता. "लेख परत घेऊ. पत्र तू लिही, सही मी आधी करते. आणि अगं, तुझी मुलाखत?"

"त्या अर्जात एकच ओळ होती."

"मला माहितेय. ती मीच तुला जाड करायला सांगितली."

बाहेर चिमटा उभे होते. ऐकले असावे. मी वाट पाहत होते, आता काय काढतात याची. ते म्हणाले, "कोरी चाचणी मी केली. तुझ्यासारखी पट्टी धुऊन करायला हवी होती. चूक अर्धी माझी धर."

"तुम्ही नेहमीसारखं बोला," मी म्हणाले. "मला हे सहन होत नाही."

"बरं. हातमोज्याला सहलेखक करणार का? डावा की उजवा?"

गुरुवार, १२ एप्रिल

मुलाखत. पाच माणसे, एक पाण्याचा जग.

"म्हणजे तुमचा मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे," मधले गृहस्थ म्हणाले.

"हो."

"हे तुम्हाला कशामुळे समजलं?"

"बहिणीच्या पाठीमुळे," मी म्हणाले, कारण ते खरे होते, आणि नंतर बराच वेळ समजावत बसले.

एक बाई हसल्या. चांगल्या हसल्या. पण जागा बाई एकट्या देत नाहीत.

शुक्रवार, २७ एप्रिल

जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

मॅडम परिषदेहून आल्या. बटणाऐवजी त्या हातमोज्यावर बोलल्या, चार पट्ट्यांचे आलेख दाखवून. बोलून झाल्यावर तीन लॅबमधली माणसे हळूच येऊन, इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, विचारून गेली: जाड होता की पातळ? मॅडमनी माझा करार डिसेंबरपर्यंत वाढवून घेतला आहे. प्रबंधात एक प्रकरण कमी होईल आणि एक वाढेल. वाढलेले माझ्या आयुष्यातले सर्वांत अचूक काम आहे. त्याचा विषय भांडी घासायच्या कामी येतो.

शुक्रवार, ४ मे

ताई सोमवारपासून वॉर्डात परत जाणार. तिच्यासाठी ते रसायन नसलेले हातमोजे मागवले आहेत. हात जवळजवळ बरे आहेत. उजव्या अंगठ्यावर एक भेग उरली आहे, सहा मिलिमीटर. माझे उरलेले खोके मी फेकून दिले. भिंतीवरचा तक्ताही काढला. तो चुकीचा नव्हता; पण त्यात हातांसाठी रकाना नव्हता.

ऋणनिर्देश पुन्हा लिहिला. बरीच पाने फुकट गेली. शेवटी असा झाला:

"माझ्या बहिणीने अडतीस दिवस उत्तर माझ्या डोळ्यांसमोर धरले होते. मी त्यावर हातमोजे चढवले."

ताईला वाचायला दिला. तिने दोनदा वाचला.

"यात आभार कुठेत?"

मी पाहिले. खरेच नव्हते. "घालते," मी म्हणाले.

"नको. राहू दे." कागद तिने घडी न घालता परत दिला. "आणि ऐक, उद्यापासून वेणी माझी मी घालीन. बोटं वळतात आता."

चांगले झाले. सकाळची बारा मिनिटे वाचतील. चव्वेचाळीस दिवस मी ती घातली, एकही न चुकता, आणि दर वेळी तिन्ही पेडांचा ताण सारखा आला. या वर्षातले माझे एवढे एकच काम पुन्हा पुन्हा तसेच्या तसे जमले.

"उद्याचा एक दिवस घालू?" मी विचारले.

ती माझ्याकडे बघत राहिली, त्या खोक्याच्या दिवशी बघत होती तशी. मग पाठ करून बसली. "आत्ताच घाल की. उद्यापर्यंत कशाला थांबतेस."

संध्याकाळचे सहा वाजले होते आणि तिला कुठेही जायचे नव्हते. मी फणी आणायला उठले.